चुकीच्या कोडातले अनीसभाई

अनीसभाई, तुम्ही नेमके कोण होतात ते मला जिनिंग मिलच्या ऑफिसात संगणकाच्या पडद्यावर दाखवण्यात आलं. इतकी वर्षं मी तुम्हाला आमच्या आयटीआयमधले फिटर ट्रेडचे निदेशक समजत होते, आणि संध्याकाळी, रविवारी मिलवर मेकॅनिकची दुसरी नोकरी करणारे. मिलच्या सी.ए.ने माझा गैरसमज दूर केला. तुम्ही म्हणे व्यावसायिक होतात. सल्लागार. मनात येईल तेव्हा यायचं, यंत्राकडे बघून दोन शब्द सांगायचे, फी घ्यायची आणि निघायचं, अशा थाटाचे. शेजारी तुमची रुखसार बसली होती. शबानाभाभी तुमच्यामागे इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत, म्हणून सगळीकडे पोरगीच येते माझ्याबरोबर. तिच्या मांडीवर तुमचा डबा होता. त्या संध्याकाळपासून मिलमध्येच राहिलेला, वॉचमनने तिला आणून दिला. सल्लागार घरून डबा बांधून आणतात का, हे मी त्या सी.ए.ला विचारायला हवं होतं. मला ते अमळनेरच्या स्टँडवर उतरल्यावर सुचलं. माझं हे असंच, तुम्ही नेहमी हसायचात.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. ते म्हणणाऱ्यांची भांडणं बहुतेक आधीच संपलेली असतात. आपलं भांडण कुठं संपलं होतं? शेवटच्या दिवशीसुद्धा दुपारी तुम्ही माझ्या टेबलावरून उठताना म्हणालात, "ताई, तुमचा तो कोड मला कब्रस्तानापर्यंत पोचवणार." थट्टाच होती. मीही थट्टेतच म्हणाले, "नाही, कोड तिथं येत नाही, तो मागे राहतो." आता या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

सुरुवात एका जानेवारीत झाली. संस्थेच्या पगाराचं काम माझ्याकडे. जानेवारी आली की मी सगळ्यांच्या मागे लागते, विम्याच्या पावत्या आणा, घरभाड्याच्या आणा. दोन ठिकाणी नोकरी असली तर दुसरीकडचा पगारही सांगा, म्हणजे टॅक्सचा हिशोब एकत्र बसतो. बाकीचे दुसरं काम लपवतात. तुम्ही मात्र स्वतः येऊन सांगितलंत, तेही अभिमानानं. मी तुमच्या नावचं टॅक्सचं पान उघडलं आणि तिथंच थांबले.

"अनीसभाई, मिलने टॅक्स कापलाय, पण कोड चुकीचा टाकलाय."

"कापलाय ना? मग झालं."

"झालं कसं? पगाराला १९२ लागतो. यांनी १९४-जे टाकलाय. तो डॉक्टर, वकील, सल्लागार यांच्या फीचा."

तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. "म्हणजे मी वकिलांच्या रांगेत?"

"कागदावर."

"शबानाला सांगतो आज. तिचा भाऊ मला अजून पाना-पकडवाला म्हणतो." आणि खरंच घरी जाऊन सांगितलंत. दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी शीरखुर्मा होता, ईद नसताना. मी तो खात खात तुम्हाला समजावत होते, की नोकर असलात तर पीएफ असतो, विमा असतो, कामावर काही झालं तर जबाबदारी मालकाची. सल्लागाराचं असं काही नसतं, तो आपला आपण. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ताई, तुमच्या तोंडात चांगला शब्द कधी यायचा?"

आणि त्यात तो रिफंड. तुमचा टॅक्स मुळात बसायचा नाही, म्हणून मिलने कापलेलं पावसाळ्यात परत यायचं. आपलाच पैसा, सरकारकडे फिरून आलेला. तुम्ही त्याला ईदी म्हणायचात. मोबाइलवर मेसेज आला की वर्कशॉपमधून माझ्या खिडकीत येऊन उभे, हात अजून ग्रीसचे. "ताई, सरकारनी ईदी दी. तुमचा चुकीचा कोड देतो तरी. बरोबर कोड काय देतो?" मला एवढा राग यायचा! कारण तुम्ही हसत असायचात, आणि तुम्ही हसलात की समोरच्याला हसावंच लागायचं. मी हसायचे आणि मनात म्हणायचे, पुढच्या वर्षी बघते याला.

पण खरी अडचण ईदीची नव्हती. खरी अडचण आखाजीची होती, ते मला उशिरा कळलं.

सुभाषभाऊंचं, म्हणजे तुमच्या मिलच्या मालकाचं घर मुळात शेतीवालं. शेतीवाल्यांचं आपल्या खान्देशात वर्ष आखाजीला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार ठरतो, वर्षभराचा गडी. मालकाच्या घरी खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवतो, आणि साल धरलं गेलं. पुढच्या आखाजीला साल सुटतं, तेव्हा मालक एक कपड्याचा जोड देतो. बोलणं तोंडी, साक्षीला पंगत. सुभाषभाऊंनी जिनिंग टाकलं, मशिनं आणली, सी.ए. ठेवला, पण माणूस ठेवायची रीत वडिलांचीच ठेवली. तुम्हालाही त्यांनी तसंच ठेवलं. आखाजीला पाटावर बसवलं, त्यांच्या आईने, अक्कांनी, स्वतः रस वाढला. पहिलं साल सुटल्यावर मिळालेल्या जोडाच्या कापडाचा शर्ट तुम्ही शिवून घेतलात आणि आयटीआयमध्ये घालून आलात. मुलं विचारत होती, सर, शादी कोणाची? दर वर्षी आखाजी झाली की तुमच्या अंगावर नवा शर्ट. मी त्यावरून ओळखायचे, यांचं एक साल सुटलं, पुढचं धरलं गेलं.

म्हणजे बघा, पंगतीत तुम्ही सालदार. आणि टॅक्सच्या कागदावर सल्लागार. सालदाराइतका बांधलेला नोकर आपल्याकडे दुसरा नाही, आणि तुमच्याइतका सुटा माणूस त्या मिलच्या कागदांत दुसरा नव्हता.

"एक नेमणुकीचं पत्र मागा," मी म्हटलं होतं. "दोन ओळींचं. कोड आपोआप सुधारेल."

तुम्ही एकदम गंभीर झालात. "ताई, त्यांच्या घरी मांडीला मांडी लावून रस-पोळी खाल्ली. आता कुठल्या तोंडानं म्हणू, मला लिहून द्या?"

"ज्या तोंडानं खाल्ली त्याच तोंडानं."

"तुम्हाला नाही समजणार. जेवल्यावर कागद मागणं म्हणजे जेवण उलटून टाकणं. अक्काला काय वाटेल?"

अक्काला काय वाटेल! मी तुमच्यावर ओरडले होते, सगळ्या ऑफिससमोर. म्हटलं, अक्का काय १९२ आणि १९४-जे बघत बसल्यात का? ज्याचं अन्न खाल्लं त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, एवढंच तुमच्या डोक्यात पक्कं होतं. मला तेव्हा ते बावळटपणाचं वाटलं होतं. आजही वाटतं. पण तुमच्यासारखी माणसं अशीच वाढलेली असतात, हे त्या घराला पुरतं ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याचा उपयोग केला, हे मी विसरणार नाही.

एकदा मात्र माझ्या कटकटीला कंटाळून तुम्ही सुभाषभाऊंकडे विषय काढलात. परत आलात ते चेहरा फुलवून. "ताई, काय म्हणाले माहितीये? खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, अनीस, तू काय नोकर शे का? तू तर घरना माणूस."

मी म्हटलं, "घरच्या माणसाला पीएफ नसतो, अनीसभाई. त्याला नुसतं काम असतं."

त्यावर तुम्ही दुखावलात. कितीतरी दिवस माझ्या टेबलाकडे चहाला फिरकला नाहीत. मीही बोलावलं नाही. मी काय कमी हट्टी आहे? मग एका सकाळी येऊन पाहते तर माझ्या कपाटाचा अडकणारा खण लोण्यासारखा सरकत होता. तुम्ही कधी येऊन दुरुस्त करून गेलात, कुणी पाहिलं नाही. दुपारी तुम्ही खिडकीत आलात आणि विचारलंत, "चहा आहे की तोही १९४-जे मध्ये टाकला?"

तुमचे उपकार मोजायला बसले तर मला राग टिकवता येणार नाही, म्हणून मोजत नाही. पण एक सांगते. माझे सासरे पलंगाला खिळले, तेव्हा तुम्ही न सांगता भंगारातल्या पाइपांचा कठडा बनवून आणलात आणि पलंगाला बसवून दिलात. सासऱ्यांशी तासभर अहिराणीत गप्पा मारल्यात. ते त्या कठड्याला अजून तुमच्या नावानं ओळखतात. "अनीसले धरीसन उठस मी," असं आल्यागेल्याला सांगतात. तुम्ही गेल्याचं आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. सकाळी ते अनीसला धरून उठतात, आणि मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहते.

त्या संध्याकाळी मोटर बंद करून तुम्ही गाठी बांधायच्या प्रेसचा पट्टा चढवत होतात. बाहेरून कुणीतरी खटका चालू केला. यापुढचं मी लिहिणार नाही. तुम्हाला धुळ्याला नेलं, सकाळी फोन आला, एवढंच.

सुभाषभाऊ कब्रस्तानात आले होते. खोटं का बोलू, रडले. खांदाही दिला त्यांनी. सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचा माणूस गेला." तेव्हा मला वाटलं, आपण या माणसाबद्दल उगाच वाईट बोलत आलो. म्हणून तर दिवस थोडे जाऊ दिले आणि रुखसारला घेऊन मी मिलवर गेले. मागणं साधं होतं. ते इथं कामाला होते, एवढं लिहून द्या. भरपाईचा अर्ज करायचा तर पहिला प्रश्न तोच येतो.

सुभाषभाऊ खुर्चीतून उठले नाहीत. सी.ए.कडे बघून म्हणाले, "सांगा यांना." आणि सी.ए.ने पडदा आमच्याकडे वळवला. तुमचं नाव, पुढे १९४-जे, वर्षामागून वर्ष, एकसारखं. "हे कर्मचारी नव्हतेच, मॅडम. हे व्यावसायिक. इतक्या वर्षांत त्यांची एकही तक्रार नाही. रिफंडसुद्धा घेतलाय त्यांनी." तुमची ईदी, अनीसभाई. ती त्यांनी तुमची सही म्हणून आमच्यासमोर ठेवली.

रुखसार म्हणाली, "काका, अब्बू रोज यायचे इथं."

सुभाषभाऊ म्हणाले, "यायचा बेटा, यायचा. प्रेमानं यायचा."

प्रेमानं! प्रेसच्या पट्ट्यात माणूस प्रेमानं जातो, हे मला नव्यानं कळलं.

जळगावच्या वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, कोडावरून सगळा निकाल लागत नाही, पण त्यानं समोरच्याच्या हातात आयती काठी दिली आहे. हे तिथं बांधून कामाला होते, हे सांगणारं कुणी उभं करा. मिलमधलं, नाहीतर त्या घरातलं.

मी मुकादम बन्सीकडे गेले. तुमच्या डब्यात रोज हात घालणारा बन्सी. तो जमिनीकडे बघत राहिला. "ताई, माले आजून तठेच पोट भरनं शे," म्हणाला. मी त्याला काय बोलणार? आणखी दोघांना विचारलं. एकाने फोन उचलला नाही, दुसऱ्याने उचलला आणि आपण तो नव्हेच म्हणाला.

आणि मग बन्सीच निरोप घेऊन आला. अक्कांनी रुखसारला आणि मला आखाजीला बोलावलं होतं.

मी जाणार नव्हते. रुखसार म्हणाली, "चला ना मावशी. अब्बू दर वर्षी जायचे." तुमच्या मुलीचा आवाज तुमच्यासारखाच आहे, समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

अंगणात पितरांच्या घागरी मांडल्या होत्या. नव्या मातीच्या, पाण्यानं भरलेल्या, वर खरबूज आणि आंबा. अक्कांनी रुखसारचा हात धरून तिला तिकडे नेलं. "ये वं माय. ही यासना बापनी. आनि ही, ही मी तुना बापनी भरेल शे. कोन काय म्हनी ते म्हनो." सुभाषभाऊंच्या वडिलांच्या घागरीशेजारी तुमची घागर. अनीसभाई, इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, आणि तेही त्या घरात, याचा मला आजही राग आहे.

आत पंगत मांडलेली होती. नव्या सालाची माणसं बसली होती. तुमच्या जागेवर कुठल्याशा गावाहून आणलेला नवा मेकॅनिक, नवीन असल्यामुळे फार वाकून बसलेला. बन्सी होता. सुभाषभाऊ होते. सी.ए. नव्हता; त्याला कोण आखाजीला बोलावणार? आमच्यापुढे ताटं आली. रस, पोळी, कुरडया.

अक्का आतून कपड्याचा जोड घेऊन आल्या. बदामी शर्टपीस, वर काळं पँटचं कापड. तो त्यांनी रुखसारपुढे धरला. "हाऊ त्याना शे. दरसालना. लई जाय, माय."

सुभाषभाऊंनी मान वर केली. म्हणजे जोड काही मोठी गोष्ट नव्हती. त्यांच्या घरात असे जोड पेटीनं असतील. पण त्या क्षणी त्यांना वाटलं असावं, आज जोड दिला तर उद्या ही माणसं आणखी काही मागतील. ते जरा वैतागून म्हणाले, "आई, त्यानं साल कोठे पुरं व्हयनं? साल सुटाना पहिलेच गया ना तो. साल पुरं व्हस तवय जोड देतस, आपली रीत शे."

अनीसभाई, ऐकलंत? साल पुरं झालं नाही, म्हणून जोड नाही. सालदाराचीच रीत त्यांनी तुम्हाला लावली, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या घरात, सगळ्यांच्या समोर. ज्या माणसाचं सालच नव्हतं त्याचं अपुरं कसं राहिलं? बन्सीचा हात रसाच्या वाटीत थांबला. त्यालाही कळलं होतं. फक्त बोलणाऱ्याला अजून कळलं नव्हतं.

कळलं ते रुखसारमुळे. ती उठली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "काका, जोड राहू द्या. आत्ता जे बोललात ना, ते जळगावला येऊन एकदा बोला."

सुभाषभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग बन्सीकडे, तर बन्सीही त्यांच्याकडेच बघत होता. अक्कांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोड नाही, जळगाव नाही. त्यांना एवढंच दिसलं, की पोरीनं काहीतरी साधं मागितलं आणि आपला मुलगा गप्प आहे.

"बोल ना रे," त्या म्हणाल्या. "आते तर बोलना ना तू."

सुभाषभाऊ हात धुवायला उठले. त्यांचं ताट अजून वाढलेलंही नव्हतं.

ते येतील का जळगावला? नाही यायचे. बन्सी येईल का, सांगता येत नाही. परवा बाजारात दिसला तर या वेळी त्यानं मान खाली घातली नाही, एवढंच. अक्कांना मुलीकडे जामनेरला पाठवलंय, असं कानावर आलंय. कोड आहे तिथंच आहे. या जुलैला तुमचं रिटर्न भरावं लागेल, रुखसारच्या सहीनं, आणि ईदीसुद्धा येईल. मेलेल्या सल्लागाराला सरकार रिफंड नाकारत नाही.

तुम्ही असता तर खिडकीत उभे राहून म्हणाला असतात, "जाने दो ना, ताई. त्यांच्या घरचं खाल्लंय." तुमचं तोंड त्यांनी रसानं बंद केलं होतं, अनीसभाई, आणि तुम्ही ते मरेपर्यंत उघडलं नाहीत. वकीलबाईंना मी सांगून आले आहे की साक्षीला दुसरं कुणी मिळो न मिळो, मी उभी राहणार. आखाजीला त्या पंगतीत माझ्यापुढेही ताट होतं. मी त्यातला घासही न खाता उठले.